अंक वाचणारे आवाज

प्रस्तावना

रेडिओ लावला की बातम्या, गाणी, हवामानाचा अंदाज किंवा शेतीविषयक सल्ला ऐकू यावा, अशी श्रोत्याची स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु लघुलहरींच्या पट्ट्यावर काटा फिरवणाऱ्या काही श्रोत्यांना याहून अगदी वेगळा अनुभव आला आहे. एखादी स्त्री निर्विकार स्वरात पाच-पाच अंकांचे गट वाचत असते. केंद्राचे नाव सांगितले जात नाही, निवेदन नसते, आभार नसतात. ठरलेली वेळ संपली की आवाज थांबतो आणि पुढच्या ठरलेल्या वेळी पुन्हा सुरू होतो. अशा केंद्रांना इंग्रजीत ‘नंबर्स स्टेशन’ म्हणतात. या पाठात त्यांना ‘अंक-केंद्रे’ असे म्हटले आहे.

हे अंक कोण वाचते, कोणासाठी वाचते आणि त्यांचा अर्थ काय, हे जाणण्याच्या कुतूहलातून अनेक देशांत एक छंद जोपासला गेला. या छंदाची माहिती देतानाच, एखाद्या गोष्टीचा अर्थ कळत नसतानाही तिच्याविषयी किती जाणता येते आणि कोठे थांबावे लागते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :

- लघुलहरी दूरवर कशा पोहोचतात हे सांगू शकाल;
- अंकांच्या साहाय्याने गुप्त संदेश कसा पाठवला जातो हे उदाहरणाने स्पष्ट करू शकाल;
- छंद म्हणून रेडिओ ऐकणाऱ्यांची नोंद ठेवण्याची पद्धत समजून घ्याल;
- माहिती आणि अनुमान यांतील फरक ओळखू शकाल.

मूलपाठ

१. आकाशातून परतणाऱ्या लहरी

सुमारे ३ ते ३० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरींना लघुलहरी म्हणतात. रेडिओलहरी सामान्यतः सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. मग एका खंडातील आवाज दुसऱ्या खंडात कसा पोहोचतो? याचे उत्तर पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात आहे. सूर्याच्या किरणांमुळे तेथील वायूंचे कण विद्युतभारित होतात. या थराला आयनांबर म्हणतात. लघुलहरी आयनांबराकडे गेल्या की वाकतात आणि पुन्हा पृथ्वीकडे येतात. जमिनीवरून उसळून त्या पुन्हा वर जातात. अशा टप्प्याटप्प्याने त्या हजारो किलोमीटरचा प्रवास करतात.

असा थर असावा, ही कल्पना १९०२ मध्ये आर्थर केनेली आणि ऑलिव्हर हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे मांडली. एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांनी ती सिद्ध झाली आणि त्यासाठी त्यांना १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कलकत्ता येथे शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबराच्या संशोधनाचा पाया घातला.

आयनांबराची स्थिती दिवसा एक तर रात्री दुसरी असते. म्हणून साधारणपणे दिवसा जास्त वारंवारतेच्या आणि रात्री कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर ऐकू येतात. ऋतुमान आणि सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र यांचाही त्यावर परिणाम होतो.

भारतातील जुन्या पिढीला लघुलहरींचे हे सामर्थ्य पुस्तकाविना ठाऊक होते. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना बंधने आली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. समुद्रापलीकडच्या कोलंबोहून लघुलहरींवर येणारी ती गाणी भारतातील घराघरांत ऐकली गेली. सीमा, पारपत्र किंवा परवानगी यांची लहरींना गरज नसते. हाच गुण गाण्यांना उपयोगी पडला आणि हाच गुण हेरखात्यांनाही उपयोगी पडला.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.

(१) लघुलहरी पृथ्वीकडे परत येतात, कारण त्या —
(अ) ढगांवर आदळतात (आ) आयनांबरात वाकतात (इ) चंद्रावरून परततात

(२) रात्री दूरच्या केंद्रासाठी साधारणपणे कोणत्या लहरी उपयोगी पडतात?
(अ) कमी वारंवारतेच्या (आ) जास्त वारंवारतेच्या (इ) कोणत्याही नाहीत

२. एका लोकगीताची धून

अंक-केंद्रांपैकी अतिशय प्रसिद्ध झालेले केंद्र १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ऐकू येत होते. तासाचा ठोका पडला की एका इंग्रजी लोकगीताच्या धुनेचा लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा वाजे. त्या लोकगीताचे नाव ‘लिंकनशायर पोचर’, म्हणजे लिंकनशायर परगण्यातील चोरटा शिकारी. केंद्राला स्वतःचे नाव नसल्यामुळे श्रोत्यांनी धुनेचेच नाव त्याला दिले.

धुनेनंतर एक स्त्री-आवाज इंग्रजीत पाच अंकांचा एक गट अनेकदा उच्चारी. संदेश कोणासाठी आहे हे त्यावरून कळत असावे. मग घंटेसारखा नाद होई आणि मुख्य संदेश सुरू होई. त्यात पाच अंकांचे २०० गट असत आणि प्रत्येक गट दोनदा वाचला जाई. प्रत्येक गटातील शेवटचा अंक किंचित चढ्या स्वरात येई. स्वर नेहमी अगदी एकसारखा असे, कारण तो समोर बसून वाचणाऱ्या व्यक्तीचा नव्हता. ध्वनिमुद्रित केलेले सुटे अंक यंत्राने जोडलेले असत. सारे प्रसारण सुमारे ४५ मिनिटे चाले आणि एकाच वेळी अनेक वारंवारतांवर होई, म्हणजे एका ठिकाणी अडथळा आला तर दुसऱ्या ठिकाणी ऐकता यावे.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संदेश रोज २०० गटांचाच असे. सांगण्यासारखे रोज नेमके तेवढेच असेल, हे संभवत नाही. म्हणून अनेक प्रसारणांतील अंक निरर्थक असावेत, असा तर्क श्रोत्यांनी केला. संदेशाची लांबी बदलली असती तर एखाद्या दिवशी काही महत्त्वाचे घडत आहे, याचा सुगावा बाहेरच्यांना लागला असता. लांबी कायम ठेवल्याने तोही मार्ग बंद झाला.

३. हातचा न धरता केलेली बेरीज

हजारो लोकांना ऐकू येणारा संदेश गुप्त कसा राहू शकतो? त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीला ‘वन टाइम पॅड’, म्हणजे एकदाच वापरायची वही, असे म्हणतात. या वहीत कोणताही क्रम किंवा नियम नसलेले अंक छापलेले असतात. वहीच्या दोनच प्रती असतात. एक संदेश पाठवणाऱ्याजवळ आणि दुसरी तो घेणाऱ्याजवळ. वापरलेले पान लगेच नष्ट करायचे असते.

समजा, ‘उद्या भेट नाही’ या वाक्यासाठी ४०७१८ हा अंकगट आधीच ठरवलेला आहे आणि वहीच्या पानावर ६५२९३ हा गट आहे. वहीतील या गटाला किल्ली म्हणतात. पाठवणारा दोन्ही गटांची बेरीज करतो, मात्र हातचा धरत नाही.

मूळ गट : ४ ० ७ १ ८
किल्ली : ६ ५ २ ९ ३
प्रसारित गट : ० ५ ९ ० १

चार आणि सहा मिळून दहा होतात. त्यांतील शून्य लिहायचे आणि हातचा एक सोडून द्यायचा. रेडिओवरून ०५९०१ हा गट वाचला जातो. ऐकणारा आपल्या वहीतील ६५२९३ त्यातून वजा करतो. वरचा अंक लहान असेल तेथे त्यात दहा मिळवतो. त्याला पुन्हा ४०७१८ हाच गट मिळतो.

आता ज्याच्याजवळ वही नाही, अशा श्रोत्याचा विचार करा. किल्ली ९३४७८ असावी असे त्याने धरले, तर उत्तर १२५३३ येईल. किल्ली आणखी वेगळी धरली, तर उत्तरही वेगळे येईल. पाच अंकांचे ००००० ते ९९९९९ असे एक लाख गट संभवतात आणि प्रत्येक गट सारख्याच शक्यतेचा असतो. यांपैकी खरा कोणता, हे ठरवण्याचा कोणताही आधार ०५९०१ या गटात नसतो. संगणक कितीही वेगवान असला, तरी त्याने काही फरक पडत नाही. या पद्धतीची अभेद्यता अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात गणिताने सिद्ध केली.

मात्र ही अभेद्यता शिस्तीवर अवलंबून असते. किल्ली खरोखरच क्रमहीन हवी, गुप्त हवी आणि एकदाच वापरायला हवी. तेच पान दोन संदेशांसाठी वापरले, तर एका संदेशातून दुसरा वजा करताच किल्ली नाहीशी होते आणि दोन मूळ संदेशांमधील फरक हाती येतो. अनुभवी तज्ज्ञाला तेवढा धागा पुरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संघात अशा वह्यांची काही पाने दोनदा छापली गेली. त्या चुकीच्या आधारे अमेरिकेच्या ‘व्हेनोना’ या प्रकल्पातील तज्ज्ञांनी अनेक सोव्हिएत संदेशांचा अर्थ लावला. ही हकीकत १९९५ मध्ये जाहीर करण्यात आली. गणित अचूकच होते, चुकले ते ते वापरणारे हात.

पाठगत प्रश्न २

(१) मूळ गट २७३५० आणि किल्ली ९४८१६ असल्यास प्रसारित गट कोणता येईल?

(२) रिकामी जागा भरा : प्रत्येक प्रसारणात अंकांचे ______ गट ठेवल्यामुळे संदेशाच्या लांबीवरून कोणालाही सुगावा लागत नसे.

(३) वहीतील पान दोनदा वापरणे धोक्याचे का असते?

४. श्रोत्यांची नोंदवही

संदेशाचा अर्थ कधीच कळणार नाही, हे ठाऊक असूनही माणसे तो वर्षानुवर्षे का ऐकत राहिली? या छंदाचे वेगळेपण याच प्रश्नात आहे. या श्रोत्यांनी अर्थाचा नाद सोडला आणि बाहेरून जे जे दिसते त्याची काटेकोर नोंद ठेवली. दिनांक, वेळ, वारंवारता, भाषा, आवाज, सुरुवातीची धून, गटांची संख्या आणि संदेश संपण्याची रीत अशा गोष्टी ते लिहून ठेवत.

जगातील सर्वांच्या नोंदी एकत्र वाचता याव्यात म्हणून वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिली जाते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे नोंदीत १८.०० असेल, तर भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. ऐकू येण्याचा दर्जा दाखवण्यासाठी ‘सिन्पो’ नावाची पद्धत आहे. संकेताचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, नैसर्गिक खरखर, लहरींच्या प्रवासातील चढउतार आणि एकंदर दर्जा या पाच बाबींना एक ते पाच असे गुण दिले जातात.

१९९३ मध्ये युरोपातील श्रोत्यांनी ‘एनिग्मा’ नावाची संघटना स्थापन केली. तिने प्रत्येक केंद्राला एक खूण दिली. इंग्रजी बोलणाऱ्या केंद्रासाठी ‘ई’, जर्मनसाठी ‘जी’, स्लाव्ह भाषांसाठी ‘एस’, इतर भाषांसाठी ‘व्ही’, मोर्ससाठी ‘एम’ आणि पुढे क्रमांक, अशी ही रीत आहे. लिंकनशायर पोचरची खूण ‘ई ०३’ ही होती. ही संघटना २००० मध्ये बंद झाल्यावर ‘एनिग्मा २०००’ या गटाने तिचे काम पुढे चालवले. १९९७ मध्ये ‘द कॉनेट प्रोजेक्ट’ या नावाने अशा प्रसारणांच्या ध्वनिमुद्रणांचा चार सीडींचा संच प्रसिद्ध झाला आणि सामान्य लोकांचेही या विषयाकडे लक्ष गेले.

नोंदींचा एकमेकींशी मेळ घातला की बरेच काही उलगडते. एकाच केंद्राचा आवाज कोणत्या दिशेने अधिक जोरात येतो, हे दोन-तीन ठिकाणांहून मोजले, तर नकाशावर काढलेल्या रेषा एकमेकींना जेथे छेदतात त्या परिसरात प्रक्षेपक असण्याची शक्यता असते. या रीतीने लिंकनशायर पोचरचा माग सायप्रस बेटावरील अक्रोतिरी येथील ब्रिटिश हवाई तळापर्यंत लावण्यात आला. क्यूबाच्या अंक-केंद्राबाबत तर यंत्रचालकांच्या चुकीनेच पुरावा दिला. अंकांच्या वारंवारतेवर मध्येच ‘रेडिओ हवाना क्यूबा’ या सरकारी केंद्राचा कार्यक्रम ऐकू आला आणि दोन्हींचे तांत्रिक नाते उघड झाले.

छंदाला कायद्याचीही चौकट असते. कोणते प्रसारण ऐकावे याविषयीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेला बिनतारी संदेश परवानगीवाचून मुद्दाम ऐकणे हा कायद्याने गुन्हा आहे. भारतात हौशी रेडिओचालक म्हणून प्रक्षेपण करायचे असेल, तर परीक्षा देऊन शासनाचा परवाना घ्यावा लागतो. म्हणून या छंदात पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या देशातील नियम जाणून घेणे आवश्यक ठरते.

५. न्यायालयात उलगडलेले अंक

ही केंद्रे हेरांसाठी आहेत, असे श्रोते फार पूर्वीपासून म्हणत होते. पण तो तर्क होता. त्याला न्यायालयीन पुराव्याचे बळ अमेरिकेतील दोन प्रकरणांमुळे मिळाले.

सप्टेंबर १९९८ मध्ये फ्लोरिडा राज्यात क्यूबासाठी हेरगिरी करणाऱ्या एका गटाला अटक झाली. हा गट क्यूबाच्या केंद्रावरून स्पॅनिश भाषेत वाचले जाणारे अंक संगणकात भरी आणि एका आज्ञावलीने त्यांची उकल करी. अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, अटकेच्या आधीच गुप्त झडती घेऊन त्या आज्ञावलीची प्रत मिळवली होती. त्यामुळे उकललेले संदेश न्यायालयात सादर करता आले. एका संदेशात महिला दिनानिमित्त स्त्री-सहकाऱ्यांचे अभिनंदन करावे, असे सांगितले होते. दुसऱ्या एका संदेशात, ‘ब्रदर्स टू द रेस्क्यू’ या क्यूबाविरोधी संस्थेच्या विमानांतून २४ ते २७ तारखांना गटातील दोघांनी कोणत्याही परिस्थितीत उड्डाण करू नये, अशी सूचना होती. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्यूबाच्या लढाऊ विमानाने त्या संस्थेची दोन विमाने पाडली आणि चार जण मृत्युमुखी पडले. रेडिओवर मात्र अभिनंदनाचे आणि मृत्यूच्या सावलीतले अंक एकाच सुरात वाचले गेले होते.

दुसरे प्रकरण ॲना बेलेन माँटेस यांचे. त्या अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता संस्थेत क्यूबाविषयक वरिष्ठ विश्लेषक होत्या आणि अनेक वर्षे क्यूबाला माहिती पुरवत होत्या. मे २००१ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी त्यांच्या घराची गुप्तपणे झडती घेतली, तेव्हा तेथे लघुलहरी रेडिओ आणि संगणक आढळला. संगणकातून पुसून टाकलेला मजकूर पुन्हा मिळवण्यात आला. त्यात पाच अंकांच्या १५० गटांचा एक संदेश होता. हेच अंक ६ फेब्रुवारी १९९९ रोजी ७८८७ किलोहर्ट्झवर एका स्त्रीने स्पॅनिशमध्ये वाचले होते, असे तपासात निष्पन्न झाले. माँटेस यांना २१ सप्टेंबर २००१ रोजी अटक झाली. २००२ मध्ये त्यांना पंचवीस वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांची सुटका झाली.

रेडिओ ऐकणाऱ्याचा माग लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. कोणी ऐकले, याची हवेत कोठेही नोंद राहत नाही. या दोन्ही प्रकरणांत माग लागला तो हवेतील लहरींमुळे नव्हे, तर घरातल्या संगणकात उरलेल्या खुणांमुळे.

६. माहिती आणि अनुमान

गूढ गोष्टीभोवती दंतकथा लवकर जमा होतात. रशियातून ४६२५ किलोहर्ट्झवर कित्येक दशके ऐकू येणाऱ्या गुंजारवाची हकीकत हेच सांगते. ‘बझर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्रावर बराच काळ नुसता घरघर असा नाद असतो आणि क्वचित रशियन भाषेत थोडे शब्द येतात. हा नाद थांबला की अणुयुद्ध सुरू होईल, अशी कल्पना अनेक वृत्तपत्रांनी रंगवली. प्रत्यक्षात हा नाद अनेकदा थांबला आणि काहीच घडले नाही. काळजीपूर्वक नोंदी ठेवणारे श्रोते याला अंक-केंद्र मानत नाहीत. रशियन सैन्याची ती संपर्कवाहिनी असावी, एवढेच ते म्हणतात.

उत्तर कोरियाचे उदाहरण दूरशिक्षण घेणाऱ्यांना विशेष कुतूहलाचे वाटेल. सन २००० पासून बंद असलेले तेथील अंकप्रसारण २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. प्याँगयाँग रेडिओवरील निवेदिका दूरशिक्षण विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी उजळणीचा पाठ म्हणून पुस्तकाचे पृष्ठ क्रमांक आणि प्रश्न क्रमांक वाचून दाखवी. ते खरोखर हेरांसाठी होते की शेजारी देशाला गोंधळात टाकण्यासाठी, याविषयी दक्षिण कोरियातही एकमत नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये ते केंद्रच बंद पडले.

लिंकनशायर पोचर जुलै २००८ मध्ये कायमचे शांत झाले. ते चालवणाऱ्यांनी ना त्याचे अस्तित्व मान्य केले, ना ते बंद केल्याचे सांगितले. श्रोत्यांजवळ राहिल्या त्या फक्त नोंदी. केंद्र किती वर्षे चालले, कोणत्या वेळी चालले, अंकांचे गट किती होते, हे त्यांना माहीत आहे. प्रक्षेपक सायप्रसमध्ये होता, हे त्यांचे सबळ अनुमान आहे. ते ब्रिटिश गुप्तवार्ता विभागाचे होते, हेही अनुमानच. आणि त्या अंकांत काय सांगितले होते, हे त्यांना माहीत नाही. चांगला श्रोता हे चार कप्पे एकमेकांत मिसळू देत नाही.

इंटरनेटच्या काळात अंक-केंद्रांची संख्या घटली असली, तरी ती नाहीशी झालेली नाहीत. क्यूबाच्या केंद्राने २०१२ च्या सुमारास बोललेल्या अंकांना संगणकीय संकेतांची जोड दिली. ऐकण्याची साधनेही बदलली. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील लघुलहरी ग्राही आज इंटरनेटवरून जगातील कोणालाही वापरता येतो. परंतु साधन कोणतेही असो, जे ऐकले तेच लिहावे आणि जे वाटले ते वेगळे लिहावे, हा या छंदाचा नियम तसाच राहिला आहे. परस्परविरोधी बातम्यांच्या गर्दीत वावरणाऱ्या प्रत्येक वाचकालाही तो उपयोगी पडेल.

पाठगत प्रश्न ३

पुढील विधाने ‘माहिती’ आहेत की ‘अनुमान’, ते लिहा.

(१) लिंकनशायर पोचर केंद्र जुलै २००८ नंतर ऐकू आले नाही.
(२) ‘बझर’ ही रशियन सैन्याची संपर्कवाहिनी आहे.
(३) ॲना माँटेस यांना २००२ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

शब्दार्थ

निर्विकार – भावना न दाखवणारा
वारंवारता – एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या
आयनांबर – वातावरणातील विद्युतभारित कणांचा थर
प्रक्षेपक – रेडिओलहरी बाहेर पाठवणारे यंत्र
ग्राही – रेडिओलहरी पकडून आवाज ऐकवणारे यंत्र
अभेद्य – जे भेदता येत नाही असे
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच
निष्पन्न होणे – सिद्ध होणे, निष्कर्ष म्हणून पुढे येणे

तुम्ही काय शिकलात

- लघुलहरी आयनांबरामुळे हजारो किलोमीटर दूर पोहोचतात आणि सीमा ओलांडतात.
- एकदाच वापरायच्या वहीने तयार केलेला संदेश नियम पाळल्यास अभेद्य असतो. तो उघड होतो तो माणसाच्या हलगर्जीपणामुळे.
- संदेशाचा अर्थ कळत नसला, तरी नियमित नोंदी आणि त्यांची तुलना यांतून त्याच्याविषयी पुष्कळ जाणता येते.
- माहिती, अनुमान आणि दंतकथा यांतील भेद सांभाळणे हे अभ्यासूचे लक्षण आहे.

पाठान्त प्रश्न

१. प्रत्येक अंकगट दोनदा का वाचला जात असावा? तुमचे मत कारणासह लिहा.
२. ‘गणित अचूकच होते, चुकले ते ते वापरणारे हात’ हे विधान व्हेनोना प्रकल्पाच्या आधारे स्पष्ट करा.
३. फ्लोरिडातील प्रकरणात सापडलेल्या दोन संदेशांची तुलना करा. त्यावरून अंक-केंद्रांविषयी काय जाणवते?
४. तुमच्या गावात पसरलेली एखादी अफवा आठवा. तिच्यातील माहिती कोणती आणि अनुमान कोणते, ते दोन रकान्यांत लिहा.
५. उपक्रम : सलग सात दिवस एकाच वेळी रेडिओवरील एक केंद्र लावा. दिनांक, वेळ, वारंवारता आणि आवाजाचा दर्जा यांची नोंद ठेवा. आठव्या दिवशी नोंदींवरून कोणता निष्कर्ष निघतो, तो पाच ओळींत लिहा.

उत्तरसूची

पाठगत प्रश्न १ : (१) आ (२) अ
पाठगत प्रश्न २ : (१) १११६६ (२) २०० (३) दोन्ही संदेशांची वजाबाकी केल्यास किल्ली नाहीशी होते आणि मूळ संदेशांचा माग लागतो.
पाठगत प्रश्न ३ : (१) माहिती (२) अनुमान (३) माहिती